आमची वाटचाल: गाळ्यातली एस्टीम

आमच्या गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला सात दसरे एक मारुती एस्टीम उभी होती. इंजिन नाही, मागची सीट नाही, वर ताडपत्री. तरी दर खंडेनवमीला पाने, रॅचेट, टॉर्क रेंच यांची पूजा झाली की आमचा पोऱ्या उरलेला झेंडूचा हार तिच्या बॉनेटवर टाकायचा. नवी गिऱ्हाइकं विचारायची, "दादा, ही कधी रस्त्यावर येणार?" मी म्हणायचो, "दिवाळीनंतर." कुठल्या दिवाळीनंतर, हे त्यांनीही कधी विचारलं नाही.

हा गाळा मी २००६ साली भाड्याने घेतला. ठाण्याची वागळे इस्टेट, ४८० चौरस फूट. एमआयडीसीचा कारभार १९६२ साली सुरू झाला तो याच वसाहतीतून, आणि आमच्या गाळ्याचा पत्राही बहुधा तेव्हाचाच असावा. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड, मग आठ वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात, आणि मग हे स्वतःचं. पहिली दोन वर्षं ऑइल बदल आणि क्लच प्लेट यांवर निघाली.

पोट भरलं ते सीएनजीने. जुन्या पेट्रोल गाड्यांना लोकांनी किट बसवली आणि तीन-चार वर्षांत हेडची, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाची, कामं यायला लागली. सीएनजी कोरडा वायू. पेट्रोलमुळे व्हॉल्व्हला जो थोडा थंडावा मिळतो तो त्यात नाही, त्यामुळे जुन्या इंजिनात व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो टेकतो ती कड, झिजते, व्हॉल्व्ह आत रुततो, त्याला ढकलणाऱ्या टॅपेटचा गॅप मिटत जातो, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि एक दिवस सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशनच, म्हणजे दाबच, राहत नाही. महिन्याला दहा-बारा हेडं उतरायची. व्हॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं, करून करून माझ्या तळहाताला घट्टे पडले, पण उधारी फिटली. त्याच पैशांतून २०१६ साली मी ती एस्टीम घेतली.

एस्टीमच का, हे सांगायला मला कुणी विचारायची गरज नाही. १९९४ला ती आली तेव्हा मी शाळेत होतो. वजन नऊशे किलोच्या आत, पुढच्या काळात १६ व्हॉल्व्हचं १२९८ सीसी इंजिन, ८५ बीएचपी. रॅलीवाल्या पोरांनी ती गाडी उगीच डोक्यावर घेतली नव्हती. माझी २००३ची होती, ५५ हजारांना मिळाली. गाडीचं मूळ इंजिन धूर टाकत होतं म्हणून उतरवून कोपऱ्यात ठेवलं, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दुसरं आणलं. बिलावर इंजिन नंबर लिहून घेतला. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. बिल नसलेलं इंजिन स्वस्त मिळतं, आणि कधीतरी पोलीस चौकीत महाग पडतं.

इंजिनावर मी जीव लावला. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४ मिमी. ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टनचा सेट आणला आणि सिलिंडर आतून तेवढे कापून मोठे करायला ब्लॉक रिबोरला दिला. ज्याच्याकडे दिला त्याचं नाव घेत नाही. तीन सिलिंडर बरोबर आले, चौथा ०.०६ने मोठा. पिस्टन आणि भिंत यांच्यात ०.०२ ते ०.०४ हवं, तिथे हा प्रकार. ते म्हणाले, "चालतं हो, गरम झालं की बसतो." बसत नाही, खुळखुळतो. तो पिस्टन सेट आजही माझ्याकडे पडून आहे. मग दुसऱ्या एका काकांकडून चारही ०.५०ला नेले. म्हणजे इंजिन १३१६ सीसी झालं, आणि नुकसानीतही मला त्याचा थोडा आनंद झाला हे कबूल करतो. पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड सोनाराच्या काट्यावर तोलले, जड तो घासत चारही एका ग्रॅमच्या आत आणले. हेडचे पोर्ट साफ केले, फेसिंग केलं, म्हणजे खालची बाजू घासून सपाट केली. हेड घासलं की व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खालच्या क्रँकच्या जवळ येतो, बेल्टच्या टायमिंगमध्ये फरक पडतो, म्हणून अ‍ॅडजस्टेबल कॅम पुली बसवली. प्रत्येक माप दोनशे पानी वहीत पेन्सिलीने लिहिलं. एकूण खर्च १ लाख ४० हजार.

आणि मग काम थांबलं. काही घडलं असं नाही. गिऱ्हाइकाची गाडी आली की आपली मागे राहते, एवढंच.

२०१८ला गाडीला १५ वर्षं झाली, आरसीची मुदत संपली. इंजिन नसलेली गाडी पासिंगला कशी नेणार? त्यात माझं तयार इंजिन दुसऱ्या नंबरचं. गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पहिल्यापासून होतंच. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. मनातल्या मनात मला तेव्हाच कळलं होतं की ही गाडी आणि हे इंजिन रस्त्यावर एकत्र येणार नाहीत. तोंडाने मात्र दिवाळीनंतरच म्हणत राहिलो.

विकायचं ठरवलं ते सौ.मुळे. हिशोब ती बघते. जानेवारी २०२३मध्ये तिने वही समोर ठेवली. गाडी आणि भोवतीची फिरायची जागा धरून १२० चौरस फूट, म्हणजे पाव गाळा. भाडं १८ हजार, त्याचा पाव साडेचार हजार. मे २०१६पासून ८१ महिने. ३ लाख ६४ हजार ५००. "भाडं वाढलं ते धरलेलंच नाही," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. गाडी, इंजिन, पत्र्याचं काम मिळून मी २ लाख ३३ हजार घातले होते. म्हणजे गाडीपेक्षा तिच्या उभं राहण्याचाच खर्च जास्त.

आधी सगळं एकत्र विकायला काढलं, सव्वातीन लाखांना. फोन खूप आले. निम्म्यांचं पहिलंच वाक्य, "फायनल किती?" एकाने बदल्यात बुलेट देऊ केली. एकाने पाच हजार टोकन दिलं आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं.

मग नाशिकहून एकाचा फोन आला. त्यांनी किंमत विचारली नाही. विचारलं, "भाऊ, रिंगचा एंड गॅप किती ठेवलाय?" म्हणजे पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट. मी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ते ऑटोक्रॉस, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या घड्याळाशी शर्यती, चालवतात, त्यांची दुसरी एस्टीम तयार आहे, ती रस्त्यावर येतच नाही. त्यांना गाडी नको होती, फक्त इंजिन हवं होतं. एकाच मालाची दोन वेगळी गिऱ्हाइकं असतात हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. धंदा करून सतरा वर्षं झाली होती.

ते रविवारी आले, सिलिंडरचा व्यास मोजायचा स्वतःचा डायल बोअर गेज घेऊन. १ लाख २० हजार सांगितले होते. म्हणाले, "हेड उघडूया. गॅस्केट माझं." म्हणजे हेडखालचं नवं पॅकिंग ते देणार. मला ते आवडलं नाही, पण नाही म्हणणार कसा? हेड उचललं. पहिले तीन सिलिंडर आरशासारखे, होनिंगच्या, म्हणजे भिंतीवरच्या शेवटच्या घासकामाच्या, तिरक्या रेघा जशाच्या तशा. चौथ्यात, वरून साधारण दोन बोटं खाली, केसाएवढी तांबूस रेघ. पिस्टनची रिंग जिथे टेकून राहिली होती, तिथेच गंज.

दर शनिवारी मी रॅचेट लावून ते इंजिन दोन फेरे फिरवायचो. मार्च २०२०ला शटर खाली गेलं, पोऱ्या गावी गेला, जुलैत ठाणं पुन्हा बंद झालं. पावसाळ्याचे ते महिने इंजिन एकाच जागी राहिलं. चौथ्याचा इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा, व्हॉल्व्ह त्या स्थितीत उघडा असणार, त्यातून दमट हवा आत गेली. गाळा उघडल्यावर फिरवायला लागलो तेव्हा सुरळीत फिरलं, म्हणून मी आत बघितलंच नाही.

नाशिकवाल्यांनी नखाने रेघ चाचपली. नख अडकत नव्हतं. म्हणाले, "हलकं होनिंग करा, रिंगा नव्या टाका, ९० देतो." मी घासाघीस केली नाही. चार दिवसांनी टेम्पोत चढवून दिलं. वहीची पानंही फाडून दिली, त्यांनी मागितली म्हणून.

गाडी डोंबिवलीच्या एका पोराने घेतली. त्याच्या वडिलांकडे एस्टीम होती, त्याला अगदी मूळ रूपातली हवी होती. कोपऱ्यातल्या मूळ इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळत होता. सात वर्षांत मी ज्याला अडगळ म्हणत होतो त्यानेच सौदा जमवला. रिंगा आणि व्हॉल्व्ह सील बदलून ते बसवलं, मागची सीट त्याने शोधून आणली. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून ६०० वरून ५,००० झालेली, उशिराचा दंड वेगळा, ते त्याने भरलं. आधी पासिंग, मग मालकी बदलण्याच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या. ७५ हजार मिळाले.

दोन्ही मिळून १ लाख ६५ हजार. डाव्या हाताला आता व्हॉल्व्ह सीट कटिंगचं मशीन आहे, जुनंच पण चांगलं. हेडचं काम बाहेर पाठवावं लागत नाही.

भिंतीवर सौ.ने पाटी लावली आहे: काम झाल्यावर आठ दिवसांनी प्रत्येक गाडीला रोज दोनशे रुपये जागाभाडं. पहिली पावती तिच्याच भावाच्या नावाने फाटली. तेरा दिवसांची.