रात्री आपोआप सुरू होणारी मोटर

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कोथरूडच्या आमच्या घरात मागच्या खोलीला लागून त्यांच्यासाठी कमोड बसवला. ड्रेनेजचा चेंबर घराच्या पुढच्या बाजूला, उतार मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून कमोडमागे मॅसरेटर पंप. तो पात्यांनी मैला बारीक करतो आणि ३२ मिलिमीटरच्या पाइपातून वर चढवून पुढे ढकलतो.

गेल्या महिन्यात कोणी फ्लश न करताच तो रात्री लागायचा. तीन-चार सेकंद घर्रर्र, मग शांत. आईंची झोपमोड व्हायची आणि वर त्यांना वाटायचं, आपल्याच हातून काही बिघडलं. ते मला बघवेना. मेकॅनिक पाच मिनिटांत "अख्खा पंप बदला" सांगून गेला.

मी घड्याळ घेऊन बसले. मोटर दर बारा मिनिटांनी लागत होती. पंपाच्या डब्यात पाणी ठरावीक उंचीवर आलं की हवेच्या दाबाने स्विच दाबला जातो. म्हणजे कुठून तरी पाणी येत होतं. फ्लश टँक गळत असेल म्हणून त्याचा अँगल कॉक बंद केला. तरी बारा मिनिटं! मग वर चढवलेलं पाणीच परत येत असणार. दोष नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा, म्हणजे पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेचा.

रविवारी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा फ्लश केलं आणि प्लग काढला. नुसतं बटण बंद करून हात घालू नका, प्लगच काढा. हातमोजे हवेत, खाली बादली हवी. क्लॅम्प सैल केला की उभ्या पाइपातलं दीड-दोन लिटर पाणी एकदम अंगावर येतं.

रबरी झडप रुपयाएवढी. तिच्या कडेला क्षाराचा पांढरा, खरखरीत थर, आमच्याकडे बोअरचं पाणी आहे ना. आणि बिजागरीत पांढऱ्या केसांचा घट्ट पीळ. त्यामुळे झडप पूर्ण टेकतच नव्हती. रबर मात्र कुठे चिरलेलं नव्हतं. लिंबूसत्त्व घातलेल्या कोमट पाण्यात तासभर ठेवली, जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली.

त्या रात्री आईंच्या पलंगाशी बसून राहिले. साडेदहाला फ्लश केलं, मोटर लागली, थांबली. साडेबारापर्यंत पुन्हा आवाज नाही. आई केव्हाच झोपल्या होत्या.

फणीतले केस टाकायला आता बेसिनखाली झाकणाचा डबा ठेवलाय.