माळ्यावरची पिंपं : आमची वाटचाल

माझं माहेर कोल्हापूरकडचं, वडिलांचं गुऱ्हाळ. त्यामुळे लग्न होऊन इटलीत मोदेनाजवळ मेदोल्लाला आले, तेव्हा सासऱ्यांचं काम परकं वाटलंच नाही. त्रेब्बियानो आणि लाम्ब्रुस्को द्राक्षांचा रस उघड्या काहिलीत तासन् तास आटवायचा, मळी काढत राहायची. काकवी लगेच विकता येते. हा रस मात्र माळ्यावर चढतो आणि त्याचा पारंपरिक बाल्सामिको, म्हणजे मुरवलेलं दाट व्हिनेगर, व्हायला किमान 12 वर्षं लागतात, एक्स्त्रावेक्यो या अधिक जुन्या प्रकाराला 25.

आमच्या तीन बात्तेरिया, म्हणजे पिंपांच्या रांगा, होत्या. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, ज्युनिपर, अशी उतरत्या मापाची पिंपं. हिवाळ्यात सगळ्यात लहानातून थोडंसं काढायचं, ते शेजारच्या मोठ्यातून भरायचं, असं करत शेवटी सगळ्यात मोठ्यात नवा रस. तोंडाला घट्ट बूच नाही, नुसतं कापड. ज्युनिपरच्या पिंपाला सासरे दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मला सहाव्या वर्षी लावू दिला.

29 मे 2012, सकाळचे नऊ. 20 तारखेच्या पहाटेच्या भूकंपातून तगलेला माळा त्या दिवशीच्या दुसऱ्या भूकंपात खचला. जिन्यावरून काळा, दाट बाल्सामिको पायरी पायरीने खाली आला. इथे मुलगी जन्मली की घरात बात्तेरिया मांडायची रीत आहे. नणंदेच्या जन्माची, 1974 ची, पाचातली दोनच पिंपं उरली. सासरे अंगणात खुर्चीवर बसून होते. दिवसभर एक शब्द नाही.

महिन्याच्या आत एका व्यापाऱ्याने आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, "त्यांचं संपलं." आणि वाइनच्या व्हिनेगरात कॅरॅमल घालून दाट केलेला आपला माल गळ्यात मारला. निम्मी गिऱ्हाइकं गेली. ते मी विसरलेले नाही.

राहिली ती कार्पीतली एक खानावळवाली. तिच्याकडचा न्योक्को, म्हणजे तळलेल्या कणकेचे फुगीर तुकडे, आणि सोर्बाराची फेसाळ लाम्ब्रुस्को वाइन खायला-प्यायला लोक लांबून येतात. ती गाडी घेऊन आली, दहा बाटल्यांचे पैसे टेबलावर ठेवले. म्हणाली, "तयार होईल तेव्हा दे." त्या पैशांतून कारागीर आणला. त्याने फुटक्या पिंपांचं जुनं लाकूड आत ठेवून बाहेरून नवं चढवलं. जुन्या लाकडात मुरलेला बाल्सामिकोच पुढच्या रसाला वळण लावतो, ते कधी फेकू नये.

आणि घेताना लेबल वाचा. घटकांत आटवलेल्या द्राक्षरसाशिवाय दुसरं काही दिसलं तर तो आमचा प्रकार नव्हे. आमचा फक्त 100 मिलीच्या ठरलेल्या बुटक्या, गोल बाटलीत मिळतो आणि ती बाटली चव पारखणाऱ्यांनी पास केल्यावरच भरतात. विस्तवावर घालू नका. जुन्या पार्मिज्यानो चीजच्या तुकड्यावर दोन थेंब टाका.

2012 च्या शरदात पुन्हा भरलेल्या पिंपांची 12 वर्षं 2024 मध्ये झाली. नमुना पारखायला दिला, पास झाला. सासरे तोवर नव्हते. पहिल्या दहा बाटल्या मी स्वतः कार्पीला नेल्या.