शाळेत दोऱ्याची वर्तुळं करायचीत? आधी अर्जाचं बघा : माझा अनुभव

पुण्यातल्या एका शाळेत पाचवीच्या मुलांसाठी गणित आणि चित्रकला एकत्र आणणारा उपक्रम घ्यायचा होता. पुठ्ठ्याच्या वर्तुळावरचे आकडे पाढ्याप्रमाणे दोऱ्याने जोडत गेलं की नक्षी उमटते, तो हा उपक्रम. साहित्य म्हणजे पुठ्ठा, दोरा, कोनमापक. मुलांचं काम एका जोडतासिकेत आटोपतं. वेळ खाल्ला तो परवानगीच्या अर्जाने, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

अर्जात ‘विषया’साठी एकच रकाना. तिथे ‘गणित व कला’ लिहिलं की अर्ज परत, एकच विषय लिहा म्हणून. ‘कला’ लिहिलं की चित्रकलेच्या तासिका लागतात. त्या मुळात कमी, आणि अध्ययन निष्पत्तीत (मुलं काय शिकतील, त्या नोंदीत) गुणाकार दिसला की कार्यालयात विचारतात, हे कलेत कसं बसतं? ‘गणित’ लिहिलं की साहित्याचा खर्च अडतो, कारण गणिताला दोरा कशाला? गणिताचे सर तयार, चित्रकलेच्या बाई तयार, कागद मात्र टेबलावर. आधी चाचणी परीक्षा, मग स्नेहसंमेलनाची धावपळ, आणि दर वेळी तेच उत्तर : पुढच्या आठवड्यात या.

चीड याची, की इथे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. पाढा चुकला की आकृती बिघडते, आणि बिघडलेली आकृती दिसली की मूल कुणी न सांगता पाढा तपासायला लागतं.

अर्ज शेवटी कसा सुटला ते सांगते. विषय ‘गणित’च लिहा. पद्धतीपुढे ‘कला-समाकलित अध्यापन’ लिहा आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या परिच्छेद ४.७ ची झेरॉक्स जोडा. कलेच्या आधारे इतर विषयांतल्या संकल्पना शिकवाव्यात, हे तिथे सरळ म्हटलेलं आहे. निष्पत्तीत मोघम ‘सर्जनशीलता’ नको. पाठांची नावं द्या, पाचवीला कोन आणि वर्तुळ दोन्ही आहेत. खर्च एकूण न लिहिता दर मुलामागे लिहा. गणिताच्या सरांची सही वर, बाईंची खाली ‘सहकार्य’ म्हणून. असं दिलं की विचारायला काही उरत नाही.

आता कृती. पुठ्ठ्यावर १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून कापा. दर १० अंशांवर खूण केली की ३६ खुणा होतात. त्यांना ० ते ३५ क्रमांक द्या, १ ते ३६ नको. प्रत्येक खुणेवर कडेला ४ मिमीची खाच पाडा. नियम एकच : प्रत्येक आकडा त्याच्या दुपटीला जोडायचा. १ ला २, २ ला ४, ३ ला ६.

वर्ग अडतो तो १७ नंतर. १८ ची दुप्पट ३६, १९ ची ३८, पण या नंबरच्या खाचाच नाहीत. तेव्हा घड्याळ आठवा म्हणायचं : १३ वाजले की आपण १ म्हणतो, तसे इथे ३६ वजा करा, १८ साठी ० आणि १९ साठी २ आले. हे मुलांना स्वतः शोधू द्या, फळ्यावर आधी लिहू नका.

दोरा क्रोशाचा घ्या. लोकर ताणली जाते आणि मग सैल पडते. पुठ्ठा २ मिमीचा हवा. कार्डशीट दोऱ्याच्या ताणाने वाकते आणि खाचा फाटतात. दोन्ही एका फेरीत मिळतं : पुठ्ठा अप्पा बळवंत चौकात, दोरा बोहरी आळीत.

दर मुलाला ६ मीटर दोरा पुरतो, पण वाट नीट धरली तरच. पुढून १ ते २, मागून जवळच्या ४ वर, पुढून ४ ते २, मागून ३ वर, पुढून ३ ते ६, मागून ८ वर, पुढून ८ ते ४. मागचे टप्पे असे आखूड राहतात. दर वेळी मागून लांब वळसा घालून पुढच्या आकड्यावर आलात तर ९ मीटरच्या वर दोरा जातो.

चूक शोधायची सोपी खूण : ०, १२ आणि २४ सोडून प्रत्येक सम खाचेतून पुढच्या बाजूला तीन रेघा निघतात, विषम खाचेतून एकच. शून्यातून एकच निघते, आणि १२ ते २४ ही रेघ दोनदा येत असल्याने त्या दोन खाचांतून दोनच दिसतात.

मधे पत्त्यांतल्या बदामासारखी वक्ररेषा उमटते, एकही वाकडी रेघ न काढता. मग खोलीत अंधार करून गोल स्टीलच्या डब्याच्या काठाशी मोबाईलचा टॉर्च धरा. तळाशी तीच रेषा चमकते. कारण टॉर्चची जागा शून्य धरली, तर शून्यापासून निघालेला किरण ज्या खुणेवर आदळतो, तिथून परावर्तित होऊन तिच्या दुपटीवर जातो. दुप्पटऐवजी तिप्पट केली तर वक्ररेषेला एकाऐवजी दोन टोकं येतात. हे मात्र घरी करायला द्या, वर्गात वेळ पुरत नाही.

दोऱ्यातून मुलांना वक्ररेषा दाखवायची ही पद्धत मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) यांच्या नावाने ओळखली जाते. ज्यांचं नाव शिखराला दिलं, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या त्या पुतणी. अर्जात ‘पूर्वाधार’ विचारला तर हे लिहिता येईल.

आणि हो, अर्ज जून-जुलैतच द्या, आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. पोच नसेल तर कागद कुठल्या टेबलावर आहे हे शाळेत कुणीच सांगू शकत नाही.