पिवळे मोजे

काल रात्री तीनला मी थोरल्यालाच दोनदा पाजलं. (थोरला म्हणजे फक्त ४ मिनिटांनी!) धाकटा बिचारा मुठी चोखत पडलेला, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आज सकाळीच धाकट्याला पिवळे मोजे चढवले आणि उशाशी वही ठेवली: वेळ, कोण, कुठली बाजू, शी-शू.

नवजात बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. दोघांचं मिळून १६ ते २४. एकेकाला अर्धा तास धरला तर माझी आंघोळ कधी? म्हणून आता एक उठला की दुसऱ्यालाही उठवते. शांत झोपलेलं बाळ उठवणं अगदी जिवावर येतं. दोन्ही काखांत एकेक, पाय माझ्या पाठीकडे. थोरला लगेच तुटून पडतो, धाकटा चार घोट घेऊन पेंगतो, मग त्याचे तळवे चोळत बसायचं. ढेकर काढायला मात्र नवरा लागतोच.

आत्ता वही उघडली. दुपारी एकच्या नोंदीपुढे नवऱ्याचं अक्षर: 'बहुतेक पिवळा.'