तुम्ही विचारलंत म्हणून : योसेफसचा तो उतारा

येशू खरोखर होऊन गेला का, आणि गेला असेल तर बायबलाबाहेर त्याला पुरावा काय, हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी काहींना माझ्या तोंडून ‘नाही’ ऐकायचे असते, काहींना ‘हो’. आणि मी ‘हो, पण’ एवढे म्हणताच दोघांचेही चेहरे सारखेच उतरतात. मी आयुष्यभर प्राचीन इतिहास शिकवला आणि मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला आहे. यांतली कोणती गोष्ट माझ्याविरुद्ध धरायची, हे विचारणाऱ्याने बहुधा आधीच ठरवलेले असते. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

येशू होऊन गेला, असे माझे मत आहे. त्याचे मुख्य कारण ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याच्या एका वाक्यात आहे. इ.स. 50 च्या सुमारास गलतीकरांस लिहिलेल्या, आज बायबलात असलेल्या पत्रात तो सांगतो की आपण यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे राहिलो आणि ‘प्रभूचा भाऊ याकोब’ याच्याखेरीज दुसरा कोणीही प्रेषित आपल्या दृष्टीस पडला नाही. यरुशलेमेतल्या मंडळींचे आपल्यावर काही ऋण नाही, हे शपथेवर पटवून देण्याच्या भरात तो हे लिहितो, म्हणजे ही भेट त्याच्या सोयीची नव्हती. ‘भाऊ’ हा शब्द तेव्हा सगळ्याच बंधुजनांना लावत, असे यावर मला ऐकवले जाते. लावत असत, हे खरे. पण मग तिथेच उल्लेख असलेल्या पेत्राला तो का लावला नाही, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. 116 च्या सुमारास, रोमन सुभेदार पिलाताच्या हातून झालेल्या येशूच्या देहदंडाचा उल्लेख केला आहे, परंतु ती माहिती त्याने ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकली नसेल असे छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून मी त्यावर फारसा भार टाकत नाही.

पण लोकांना याकोबात रस नसतो, त्यांना योसेफस हवा असतो. या यहुदी इतिहासकाराने इ.स. 93-94 मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या लोकांच्या प्राचीन इतिहासात, अठराव्या भागात, एक लहानसा परिच्छेद आहे : या सुमारास येशू नावाचा एक ज्ञानी मनुष्य होऊन गेला, त्याला मनुष्य म्हणणे उचित असेल तर, तो ख्रिस्त होता, पिलाताने त्याला वधस्तंभाची शिक्षा दिली, तिसऱ्या दिवशी तो आपल्या माणसांना पुन्हा जिवंत दिसला, त्याच्या नावाने ओळखली जाणारी ख्रिस्ती लोकांची जमात अजून नाहीशी झालेली नाही. ख्रिस्त म्हणजे मसीहा, यहुदी ज्याची वाट पाहत होते तो तारणारा. असे लिहिणारा माणूस अखेरपर्यंत यहुदी कसा राहिला, हा प्रश्न कोणालाही पडावा. तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती विद्वान स्पष्ट लिहितो की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. आज दिसतो तो परिच्छेद प्रथम चौथ्या शतकाच्या आरंभी युसेबियस या ख्रिस्ती बिशपच्या लेखनात उद्धृत झालेला सापडतो, आणि या भागाची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी ग्रीक हस्तलिखित प्रत थेट अकराव्या शतकातली आहे. परिच्छेदावर ख्रिस्ती हात फिरला आहे, याबद्दल अभ्यासकांत आज फारसे दुमत नाही. तो किती फिरला, यावरच सगळे भांडण आहे.

आता माझ्या मामांविषयी सांगणे भाग आहे, कारण हा प्रश्न कोणीही विचारला तरी मला प्रथम तेच आठवतात.

मामा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत उपदेशाला जात. 1987 साली, मी एम.ए.ला असताना, त्यांनी मला विचारले होते की पारावर लोक पुरावा मागतात, तर आपल्या शास्त्राबाहेरचे काही आहे का. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून योसेफसचे इंग्रजी भाषांतर काढले, तो परिच्छेद मराठीत उतरवला आणि वहीच्या आखीव कागदावर निळ्या शाईने लिहून त्यांना दिला. मामांनी तो चौघडी घालून बायबलात ठेवला. घड्या फाटू लागल्या तेव्हा त्यांनी मागून चिकटपट्टी लावली, ती पुढे पिवळी पडली, आणि ‘वधस्तंभाची’ या शब्दाची शाई नेमकी घडीवर आल्यामुळे पुसट झाली. सोळा वर्षे तो कागद त्यांच्याबरोबर फिरला.

2003 च्या जानेवारीत ख्रिस्ती तरुणांच्या एका मेळाव्यात मी याच विषयावर बोललो. परिच्छेद पडद्यावर दाखवला आणि पारदर्शक कागदावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवून एकेक संशयास्पद वाक्य झाकत गेलो. “असा साक्षीदार मिळाल्यावर वकील लावायची गरजच काय?” असे मी म्हणालो आणि सभागृह हसले. तिसऱ्या रांगेत मामा बसले होते. बायबल त्यांच्या मांडीवर होते आणि त्यांचा हात त्यावर पालथा ठेवलेला होता.

परतताना रिक्षात त्यांनी एवढेच विचारले, “तुला हे कधी कळलं?”

“तीन वर्षं झाली असतील, मामा.”

“तीन वर्षांत दहा-बारा वेळा आमच्याकडे जेवून गेलास.” मग बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हणजे मी पारावर लोकांना काय सांगत होतो?”

व्याख्यानात सत्य सांगणे हे माझे कामच होते, आणि श्रोत्यांत कोण बसले आहे हे पाहून इतिहास बदलत नाही, असे मी पुढे अनेकांना ऐकवले. ते खोटे नाही. पण तीन वर्षे हाही खरा आकडा नव्हता. 1987 साली मी ज्या पुस्तकातून उतरवले, त्यात त्या परिच्छेदाखाली तळटीप होती की त्याच्या अस्सलपणाबद्दल वाद आहे. ती मी वाचली होती. तेव्हाचा तो तेवीस वर्षांचा मुलगा आजही माझ्याशी हुज्जत घालतो की मामांना तळटीप नको होती, पारावर टिकेल असे हत्यार हवे होते. मी त्याला म्हणतो की त्यांनी हत्यार मागितले नव्हते, पुरावा मागितला होता. यावर तो विचारतो, की मग 2003 साली पट्ट्या ठेवून टाळ्या घेताना तू कोणते वेगळे काम करत होतास? इथे मी गप्प होतो.

शिवाय त्या पट्ट्यांवरही आता माझा पूर्वीइतका भरवसा नाही. जे ख्रिस्ती वाटते ते झाकायचे आणि उरले ते योसेफसचे म्हणायचे, ही रीत सोपी आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. तिच्या बाजूने काही आधार आहेत : जेरोम या प्राचीन ख्रिस्ती पंडिताच्या लॅटिन भाषांतरात ‘तो ख्रिस्त मानला जात होता’ असे आहे, आणि दहाव्या शतकातल्या अगापियस या बिशपच्या अरबी ग्रंथातला, 1971 साली श्लोमो पाइन्स यांनी पुढे आणलेला पाठ ‘तो कदाचित मसीहा असावा’ असे म्हणतो. पण अगापियसचा पाठ युसेबियसच्याच सिरियाक भाषांतरावरून आला असेल, तर तो स्वतंत्र साक्षीदार उरत नाही. ‘ख्रिस्ती लोकांची जमात’ हा शब्दप्रयोग युसेबियसने अन्यत्रही केलेला आहे, त्यामुळे सगळाच परिच्छेद त्याने रचला असे म्हणणाऱ्यांना हसण्यावारी नेता येत नाही. तरीही मूळचे काहीतरी होते याकडेच माझा कल आहे, कारण ‘ज्ञानी मनुष्य’ हे विशेषण योसेफस यहुद्यांच्या शलमोन राजाला आणि दानिएल संदेष्ट्यालाही लावतो, आणि विसाव्या भागात याकोबाला दगडमार झाल्याचे सांगताना तो ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ एवढीच ओळख पुरेशी मानतो. वाचकाला हा येशू आधी कुठेतरी भेटलेला असावा, असे त्यावरून वाटते. हे वाटणे आहे, त्याला मी सिद्धता म्हणणार नाही.

मामा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या नाताळात त्यांनी तो जुना कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “जेवढं खरं आहे तेवढंच नव्यानं लिहून दे. अक्षर मोठं काढ.” मी कोरा कागद घेऊन बसलो आहे. ‘या सुमारास येशू नावाचा एक ज्ञानी मनुष्य होऊन गेला’ इथवर लिहून झाले आहे. पुढे जेरोमप्रमाणे ‘तो ख्रिस्त मानला जात होता’ असे लिहावे की तेवढी ओळ मोकळी सोडावी, हे अजून ठरत नाही. आणि या वेळी तळटीपही त्याच कागदावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात बसवायची आहे.