वजनाच्या काट्यावर न दिसणारी झीज

दीर्घकाळ मानसिक आजार असलेल्या माणसाच्या शारीरिक तब्येतीचा विषय निघाला की घरात, स्वमदत गटात आणि बहुतेक वेळा दवाखान्यातही चर्चा वजनावरच येऊन थांबते. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन यांसारखी स्किझोफ्रेनियावरची औषधे सुरू झाल्यावर भूक वाढते, पोट सुटते, आणि मग 'भात कमी करा, रोज चालायला जा' असे सांगितले जाते. हा सल्ला योग्यच आहे, पण अपुरा आहे. वाढत्या वजनाच्या आड स्नायू घटत असू शकतात आणि काट्यावर उभे राहून ते कधीच कळत नाही.

माझ्या मोठ्या भावाला, म्हणजे दादाला, स्किझोफ्रेनिया होऊन बरीच वर्षे झाली आणि आता त्याने पन्नाशी ओलांडली आहे. औषधांमुळे त्याच्या कानांत येणारे आवाज शांत झाले, तो रोज वर्तमानपत्र वाचतो, आईच्या गोळ्या आठवणीने काढून देतो. त्यामुळे मी पुढे जे लिहिते आहे ते औषधांच्या विरोधात मुळीच नाही, आणि हे वाचून कोणीही गोळी परस्पर कमी करू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की स्नायूंना ताकद देणारा व्यायाम शुभार्थीच्या, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाच्या, उपचारांत गोळीइतक्याच नियमाने असायला हवा.

दादाने जेवताना पाटावर बसणे सोडले, तेव्हा नातेवाइकांनी त्याला आळस म्हटले. पुढे एका फिजिओथेरपिस्टताईंनी त्याला साध्या लाकडी खुर्चीवर बसवले, हात छातीशी घडी घालून ठेवायला सांगितले आणि लागोपाठ पाच वेळा उठून बसायला लावले. पहिल्यांदा तो उठला. दुसऱ्यांदा उठताना त्याचे तळवे आपोआप गुडघ्यांवर गेले. ताईंनी ते पुन्हा छातीशी ठेवले. तिसऱ्या वेळी त्याला पुढे-मागे झोके घेऊन उठावे लागले आणि चौथ्या वेळी खाली बसताना तो धपकन खुर्चीत पडला. स्नायूंच्या झिजेसाठी आशियाई तज्ज्ञगटाने ठरवलेल्या २०१९ च्या निकषांनुसार या पाच उठबशांना १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर स्नायूंची कार्यक्षमता घटल्याचे मानतात. हाताच्या पकडीसाठी पुरुषांना २८ किलो आणि स्त्रियांना १८ किलो ही मर्यादा आहे. पकड त्याखाली गेली की ताकद कमी झाली असे समजतात.

या घटीची कारणे एकात एक गुंतलेली असतात. स्किझोफ्रेनियात आवाज आणि संशय यांच्यापलीकडे एक शांत लक्षणसमूह असतो: कशातच मन न लागणे, काही सुरू करण्याची उभारी नसणे, माणसांत न मिसळणे. त्यात औषधांची गुंगी, काहींना स्नायूंचा ताठरपणा आणि हातांची थरथर यांची भर पडते. दिवसाचे अनेक तास पलंगावर किंवा टीव्हीसमोर जातात, चहा-बिस्किटावर वेळ निभावली जाते, पुष्कळ जणांना विडी-सिगारेटची सवय असते. स्नायूंवर भारच पडत नसेल, तर शरीर ते सांभाळून ठेवत नाही.

आपल्याकडे या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराची ठेवण अनेक वर्षे अभ्यासली आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे निरोगी भारतीय माणसाकडेही स्नायूंची शिल्लक बऱ्याचदा मुळातच कमी असते, आणि आजार व औषधे त्या शिल्लकीतूनच खर्च करत राहतात.

हा खर्च परवडणारा नाही. जेवणानंतर रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीने शोषून घेणारा सर्वांत मोठा अवयव म्हणजे स्नायू, आणि ओलान्झापिन व क्लोझापिन यांनी मधुमेहाचा धोका आधीच वाढलेला असतो. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा साधारण दहा ते वीस वर्षे आधी जातात, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. शुभंकरांच्या, म्हणजे शुभार्थींची काळजी घेणाऱ्यांच्या, गटात आत्महत्येच्या भीतीबद्दल आम्ही बोलतो आणि ते बोललेच पाहिजे, पण या दुसऱ्या, संथ नुकसानीबद्दलही तितक्याच काळजीने बोलायला हवे.

आता चालण्याविषयी. चालण्याने हृदयाला आणि मनाला फायदा होतोच, पण मांडीचे स्नायू परत मिळवायला सपाट रस्त्यावरचे चालणे सहसा पुरत नाही, त्यासाठी हळूहळू वाढत जाणारा भार लागतो. १९९० साली अमेरिकेत डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांनी भार उचलण्याचा व्यायाम दिला. त्यात टिकून राहिलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी २०१२ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या थोड्याच रुग्णांवर असा प्रयोग केला, तेव्हा पायांची ताकद तर वाढलीच, शिवाय चालताना शरीराला कमी ऊर्जा लागू लागली. जागतिक आरोग्य संघटनाही २०२० पासूनच्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते.

आमच्या घरी याची सुरुवात त्याच लाकडी खुर्चीपासून झाली. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि बैठकीवर जाड उशी ठेवली, कारण बैठक उंच असली की उठणे सोपे जाते. ते जमू लागल्यावर उशी पातळ केली, मग काढून टाकली, आणि त्यानंतर दादाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची एक पिशवी आली. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीवर हात टेकून जोर काढणे आणि खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणे. आठ ते बारा वेळा करता येईल आणि शेवटच्या दोन वेळा खरोखर जड जाईल, इतका भार योग्य समजावा. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंचा वापर अधिक चांगला करू लागल्यामुळे. स्नायू भरायला त्याहून वेळ लागतो, तेव्हा आरशात फरक दिसत नाही म्हणून थांबू नये.

खरी अडचण उभारीची आहे. ज्याच्या आजारानेच इच्छेवर घाला घातला आहे, त्याला 'मनावर घे' असे सांगणे व्यर्थ आणि थोडे क्रूरही आहे. त्याऐवजी दिवस आणि वेळ ठरलेली असावी, व्यायाम मोजके असावेत आणि शुभंकराने शेजारी उभे राहून तेच करावे. दादा न बोलता करतो, मी मोठ्याने आकडे मोजते. ज्या दिवशी तो फक्त उठबशा करतो, त्या दिवशी तेवढ्याच.

काही काळज्या मात्र डॉक्टरांशी बोलूनच घ्याव्यात. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी असते आणि झटकन उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून आम्ही संध्याकाळची वेळ ठेवली. क्लोझापिनने नाडी मुळातच जलद चालते, तेव्हा नाडीवरून श्रम मोजू नयेत. ही औषधे घेणाऱ्यांचे शरीर उष्णता नीट सांभाळू शकत नाही, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी व्यायाम नकोच. मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध घेणाऱ्यांनी पाणी पिण्याची हेळसांड करू नये, आणि अंग दुखते म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन आणून खाऊ नये, कारण दोन्हींमुळे रक्तातले लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

आहाराशिवाय हा व्यायाम लंगडा पडतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सुमारे ५८ ग्रॅम. वाढत्या वयात आणि व्यायाम सुरू असताना तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. पातळ आमटी आणि दोन पोळ्यांतून एवढी भरती होत नाही. अंड्यात सुमारे सहा ग्रॅम मिळतात. उसळ, घट्ट वरण, दही, शेंगदाणे आणि सोयाबीनच्या वड्या यांतून उरलेली भर घालता येते. लिथियम अनेक वर्षे चालू असेल, तर आधी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी आणि मगच प्रथिने वाढवावीत.

दादाच्या फाइलमध्ये दर भेटीला वजन आणि रक्तदाब लिहिला जातो, साखरही तपासली जाते, पण पायांच्या ताकदीची नोंद होत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपासून गावोगावच्या दिवसभराच्या पुनर्वसन केंद्रांपर्यंत, जिथे जिथे खुर्ची आणि घड्याळ आहे, तिथे पाच उठबशांची ती चाचणी मिनिटभरात होऊ शकते. पुढच्या भेटीला जाताना प्रत्येक शुभंकराने डॉक्टरांना ती करून पाहण्याची विनंती करावी, आलेले सेकंद फाइलमध्ये लिहून घ्यावेत आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्यासाठी चिठ्ठी मागावी.