तावया, तापूस आन् आमचा पोट्टा

भावाचा पोट्टा तीन वर्षांचा झालाय आन् मी त्याचा काका नाही, ताता आहे. कापूस म्हणजे तापूस, गाय म्हणजे दाय, कुत्रा म्हणजे तुत्ता. आई म्हणते जीभ जड हाय, वेखंड उगाळून चाटवा. पण नीट कान देऊन ऐकलं ना, तर पोट्टा एकदम हिशोबात बोलतो. क चा त, ग चा द, ख चा थ. क चा द कधीच होत नाही. म्हणजे जीभ मागं टेकवायची ती पुढं दाताशी टेकवतो एवढंच, बाकी घसा कुठं वाजवायचा, हवा कुठं सोडायची ते बरोब्बर. तुत्तामध्ये तर दोन कामं एकदम, क चा त झाला आन् जोडाक्षरातला र गायब. इंग्रजी बोलणारी लेकरंही हेच करतात, आपल्या वऱ्हाडाची काही खासियत नाही.

परवा मुद्दाम विचारलं, "तापूस वेचायले येतं का?" तर असा चिडला! "तापूस नाही, ताऽपूस!" म्हणजे फरक कानाला कळतो, तोंडातून निघत नाही. लेकरं बोलायला कशी शिकतात याचा अभ्यास करणारे जीन बर्को आन् रॉजर ब्राउन यांनी 1960 मध्ये हेच लिहून ठेवलंय, त्यांनी पाहिलेलं एक पोरगं फिशला फिस म्हणायचं आन् मोठ्यांनी फिस म्हटलं की ते चूक आहे म्हणायचं.

आता खरी गंमत. कावळ्याला हा तावया म्हणतो. यातला त त्याचा, तो जाईल. पण य त्याचा नाही बापा, तो गावाचा आहे! आमच्याकडं आबाजीपासून सगळेच कावया, डोया, शाया म्हणतात, आन् पाण्याला पानी. बाहेरगावहून आलेल्या मॅडम हे सगळंच बोबडं धरतात आन् पोराले सारखं टोकतात, मग ते गप्प बसतं. अरे पोरगं घरची बोली बरोबर शिकलंय, त्यात दोष कुठला? पुस्तकातला ळ शाळेत शिकेल सावकाश.

पण काळजी कधीच करू नये असंही नाही. क-ग साधारण साडेतीन-चारपर्यंत यायला पाहिजे, र ला त्याहून उशीर झाला तरी चालतं. चार वर्षांच्या पोराचं बोलणं परक्या माणसाला बहुतेक सगळं समजलं पाहिजे, नसेल समजत तर दाखवा. अंगणवाडीत तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते ना, 2013 पासून सुरू आहे, तिथल्या डॉक्टरला सरळ सांगायचं, ते पुढं जिल्ह्याला पाठवतात, पैसे लागत नाहीत. आन् कान वाहत असेल तर घरचं तेल ओतत बसू नका, आधी कान दाखवा, ऐकूच कमी येत असलं तर क येईल कुठून?